भरीत पार्टीत फेमिनिझम निघाला तर काय करायचं

थंडी पडली की आपल्याकडे वावरात भरीत पार्ट्या सुरू होतात, आणि हल्ली त्यात एक नवीनच प्रकार झालाय. काड्यांवर वांगी भाजून होतात न होतात तोच कोणीतरी मोबाईलवर एखादी रील दाखवतं, दुसरं कोणीतरी म्हणतं "हे बघा तुमचा फेमिनिझम", आणि पुढचा अर्धा तास बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, पुऱ्या गार. मी जळगावला राहते, माहेर यावल साइडचं, दोन्हीकडे भाऊ, दीर, नणंदा, मावसभावंडं भरपूर, त्यामुळे ही भांडणं जवळून पाहिलीत आणि बऱ्याचदा त्यात पडलेय पण. हे अशा लोकांसाठी लिहितेय ज्यांना मुद्दा सोडायचा नाहीये आणि नातं पण तोडायचं नाहीये. ज्यांना नुसतं जिंकायचंय त्यांनी नाही वाचलं तरी चालेल, त्यांचं बरं चाललंय.

सगळ्यात आधी समोरचा नेमका कशावर चिडलाय ते शोधा, कारण फेमिनिझमवर फार कमी लोक चिडलेले असतात. आपल्याकडच्या तिशीतल्या पोरांचंच घ्या. घरी पाच-सहा एकर केळी, बीएस्सी झालेलं, निर्व्यसनी, आणि लग्न जमत नाही. आईबाप एकही वधू-वर मेळावा सोडत नाहीत, बायोडाटा चार वेळा छापून झाला, आणि मुलीकडच्यांची अट ठरलेली: मुलगा नोकरीवाला पाहिजे, पुण्यात फ्लॅट पाहिजे, गावाकडे शेती पण पाहिजे, फक्त ती करणारा मुलगा नको. असा पोरगा जेव्हा म्हणतो की "फेमिनिझमनं पोरींचे नखरे वाढले" तेव्हा तुम्ही त्याला फेमिनिझमची व्याख्या समजावत बसलात तर तो ऐकणार नाही, आणि का ऐकावं त्यानं? त्याचा विषय तो नाहीच.

माझ्या मावसभावाबरोबर असंच झालं. वांगी उलटीपालटी करता करता तो बोलत होता, पुण्याहून आलेली चुलतबहीण त्याला "तू किती टॉक्सिक बोलतोस" म्हणून मोकळी झाली होती, आणि तो लाल. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, "तुझी ताई कुठे दिली रे आपण?"

"चाकणले. दाजी कंपनीत हायेत ना."

"शेतीवाल्याचं पण स्थळ आलं होतं ना तिला?"

"आलं व्हतं. मम्मीच नाही म्हने."

बस. यानंतर एक शब्द बोलायचा नाही, हे फार महत्त्वाचं. "बघ, मग तूच सांग" असं म्हणालात की केलेलं सगळं पाण्यात. तो गप्प बसला, काडी मोडून जाळात घातली, थोड्या वेळानं स्वतःच म्हणाला की मम्मीनं वावरात काय काय काढलंय ते ताईनं बघितलं होतं. हे त्याला त्याच्या घरातून समजलं, माझ्या तोंडून नाही.

आकडा सांगायचाच असेल तर हा सांगा, आणि आवाज खाली ठेवून सांगा. २००१ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात ० ते ६ वयाच्या हजार मुलांमागे ८८० मुली होत्या, २०११ ला ८४२ वर आल्या. आत्ता पंचविशी-तिशीत जी पोरं मुली बघत फिरताहेत ती २००१ ला त्याच ० ते ६ मध्ये मोजली गेली होती, म्हणजे तेव्हाच हजारामागे सव्वाशेच्या आसपास पोरी कमी होत्या. गर्भलिंग तपासणीचा कायदा १९९४ चा, आणि तरी हे झालं. आता विशीत येणारी जी पोरं आहेत त्यांचं तर अजून अवघड आहे. या पोरांचा राग खरा आहे, पत्ता चुकीचा आहे. त्यांच्या वाटच्या पोरी कोणत्या चळवळीनं पळवलेल्या नाहीत, त्या जन्मालाच आल्या नाहीत, आणि तो निर्णय ज्या घरांत झाला त्या घरांत तेव्हा फेमिनिझम हा शब्द पण कोणी ऐकला नव्हता. फक्त हे सांगताना "तुझ्याच आजी-आजोबांनी केलं" असं चुकूनही म्हणू नका. आकडा सगळ्यांसमोर ठेवा आणि कोणाच्या अंगावर टाकू नका.

मग यातून जे पुढचं होतं ते तुम्हाला माहीत आहेच, एजंटला पैसे देऊन बाहेरून मुलगी आणायची, लग्न लावायचं, आणि काही दिवसांनी नवरी दागिन्यांसकट गायब. पेपरात अशी बातमी आली की पुरुष म्हणतात बघा बायका कशा असतात. पण त्यातली मुलगी बऱ्याचदा स्वतःच कोणीतरी विकलेली असते, दोन्हीकडून पैसे खाणारा एजंट मात्र कोणाच्या रीलमध्ये येत नाही.

आता बायकांसाठी, त्यातही शिकून बाहेर गेलेल्या आपल्या बहिणींसाठी थोडं. टॉक्सिक, प्रिव्हिलेज, पॅट्रिआर्की, मेल इगो हे शब्द गावात वापरू नका. शब्द चुकीचे आहेत असं नाही. पण मराठी शाळेत शिकून वावरात राबणाऱ्या पोराला ते ऐकताना पहिली गोष्ट कळते ती ही की ही आपल्यापेक्षा जास्त शिकलीये आणि ते दाखवतेय. आपल्याकडची अर्धी भांडणं बाई विरुद्ध पुरुष नसतातच, ती हिंजवडी विरुद्ध यावल असतात, आणि त्यात तुमचा खरा मुद्दा वाहून जातो. पॅट्रिआर्की म्हणण्यापेक्षा विचारा की तुझ्या वावराच्या सातबाऱ्यावर किती बायांची नावं आहेत. निंदणीच्या दिवसाला बाईला किती देतो आणि गड्याला किती देतो. हा प्रश्न त्याला समजतो, उत्तर त्याच्याकडे असतं, आणि ते त्याला मोठ्यानं सांगावं लागतं.

आणि पुरुषांच्या दुःखाचा विषय निघाला की लगेच "आणि बायकांचं काय" म्हणू नका. देशात दर दहा आत्महत्यांमध्ये साधारण सात पुरुषांच्या असतात, एनसीआरबीचा, म्हणजे गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाचा आकडा आहे, वर्षानुवर्षं तसाच आहे. कापूस पट्ट्यातल्या माणसाला हे आकड्यानं सांगायची गरजच नाही, त्याच्या ओळखीत कोणीतरी गेलेला असतो. यावर "हो, खरंय" एवढंच उत्तर आहे. बोलायचंच असेल तर मग त्या गेलेल्या शेतकऱ्याच्या बायकोच्या नावावर जमीन होती का, मदतीच्या कागदासाठी तिला किती खेटे घालावे लागले, हे बोला, म्हणजे दोघांचं दुःख एकाच वाक्यात येतं आणि मापायला कोणी बसत नाही.

दोन्ही बाजूंनी पाळायची एक गोष्ट म्हणजे मेलेली माणसं एकमेकांवर फेकायची नाहीत. हल्ली प्रत्येकाकडे एकेक केस तयार असते. पुरुष डिसेंबर २०२४ ची बेंगळुरूच्या इंजिनिअरची आत्महत्या काढतात, बायका मे २०२५ ची पुण्याकडची हुंड्याची केस काढतात, हा म्हणतो ते बघा, ती म्हणते हे बघा, आणि दोन घरांतल्या दोन मरणांचा पत्त्यांसारखा खेळ होतो. कोणी अशी केस काढली तर मी सरळ विचारते, आपल्या नात्यात, आपल्या गल्लीत असं झालंय का, झालं असेल तर त्यावर बोलू. बऱ्याचदा झालेलं असतं. आणि मग आवाज आपोआप खाली येतात कारण ती बाई किंवा तो माणूस सगळ्यांच्या ओळखीचा असतो, कोणाला खोटं बोलता येत नाही.

कायद्यावर वाद होणारच, तो तर पेटंट विषय आहे, तेव्हा बोलायच्या आधी थोडं माहीत करून घ्या. ४९८अ हे कलम, म्हणजे नवऱ्याकडून-सासरकडून बाईच्या होणाऱ्या छळाचं, १९८३ ला आलं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ झालंय, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. "बाईनं नुसतं नाव घेतलं की अख्खं घर आत" हे वाक्य आपल्याकडे अजून चालतं, पण २०१४ लाच सुप्रीम कोर्टानं अर्नेश कुमार केसमध्ये पोलिसांना सांगितलं की अशा गुन्ह्यात आपोआप अटक करायची नाही, अटक का गरजेची ते लिहून द्यायचं. शिक्षा लागायचं प्रमाण कमी आहे हे पुरुषांचं म्हणणं बरोबर आहे. पण सुटला म्हणजे केस खोटी होती असं होत नाही, किती केसेस मधेच तडजोडीत जातात, पंच आणि साक्षीदार फिरतात, हे तर तालुक्याच्या कोर्टात चहा विकणारा पण सांगेल. आणि काही केसेस खोट्या असतात, हे बायकांनी मान्य करायला काय हरकत आहे? मान्य केलं की पुढचं ऐकून घेतात हो.

"घटस्फोट झाला की अर्धी प्रॉपर्टी बायकोला" हे अजून एक. असा कायदा आपल्याकडे नाही. गोव्याचा वेगळा आहे तो सोडा. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा बाईला घरात राहायचा हक्क देतो, घर तिच्या नावावर करून देत नाही. उलट हिंदू विवाह कायद्यात नवरा पण बायकोकडे पोटगी मागू शकतो हे फार पुरुषांना माहीतच नसतं, सांगितलं की विश्वास बसत नाही. बायकांच्या बाजूनं पण असंच एक आहे: १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यात हुंडा घेणं गुन्हा आहे तसंच देणं पण गुन्हा आहे. बस्त्याला किती, मांडवाला किती, सोनं किती, हे सगळं अभिमानानं सांगणाऱ्या मुलीच्या बापानं आणि काकांनी आधी ते वाचावं.

आता तो एसटीचा मुद्दा. "मार्च २०२३ पासून तुम्हाला एसटी अर्ध्या तिकिटात, २०२४ पासून लाडकी बहीणचे पंधराशे, मुलींच्या कॉलेजची फी माफ, आपल्या जळगावची बाई २००७ ला राष्ट्रपती पण होऊन गेली, अजून काय पाहिजे भो तुम्हाला?" हे एका दमात येतं, मी पाठ म्हणू शकते. इथे बायका चिडतात आणि योजनेची बाजू घ्यायला लागतात, जसं काही ती योजना त्यांनीच आणली. गरज नाही. योजना सरकारनं आणल्या, मतांसाठी आणल्या की कशासाठी ते सरकारला विचारा, असं म्हणून सोडून द्या. आणि मग बोलायचंच तर वेळेबद्दल बोला, कारण तो मुद्दा समोरच्या ताटातच असतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेत घरकामाला बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं निघालीत आणि पुरुषांची ८८, आणि ही सरासरी घरकामाला हात लावणाऱ्यांचीच आहे, जे लावतच नाहीत ते तिच्यात धरलेले नाहीत.

भरीत पार्टीत हा आकडा सांगितला की पुरुष हमखास म्हणतात, "आज तर आम्हीच केलंय सगळं!" खरंय, वांगी त्यांनी भाजली, सोलली, मिरच्या-लसूण घालून लाकडी मुसळीनं ठेचली पण, आणि त्यांच्या हाताला चव असते हे मी मनापासून सांगते. पण कणीक घरून मळून आणलेली असते, पुऱ्या बायका लाटत-तळत असतात, कांद्याची पात निवडून धुऊन आलेली असते, आणि जेवून झाल्यावर केळीची पानं गुंडाळून टाकायची सोडली तर कढया कोण घासतं ते बघा. हे बोलून दाखवू नका. मी फक्त कढई उचलून भावाच्या हातात देते आणि म्हणते चल, विहिरीवर, तुझं राहिलेलं बोलणं तिथे बोल. यातून दोन गोष्टी होतात, एक म्हणजे कढई घासली जाते, आणि दुसरं म्हणजे तो चार माणसांतून बाजूला येतो. चार माणसांत कोणताच पुरुष मागे हटत नाही, बाई पण हटत नाही. वाद जमला असेल तर प्रेक्षक कमी करा, हीच यातली सगळ्यात उपयोगाची युक्ती आहे असं माझं मत.

"बायकाच बायकांच्या वैरी" यावर काय बोलायचं ते पण विचारतात. सासूनं छळलं, नणंदेनं कान भरले, हे खोटं नाही, उगीच नाकारू नका. पण त्या सासूला विचारा की तिच्या हातात नेमकं काय होतं. डब्यांची किल्ली आणि सुनेवरचा हुकूम, एवढंच. केळीचे पैसे बँकेत कोणाच्या खात्यावर आले, बैल विकला तेव्हा तिला कोणी विचारलं का? माझ्या आजेसासू मोठ्या कडक होत्या, सगळे घाबरायचे, आणि त्यांना दवाखान्यात जायला रिक्षाचे पैसे मुलाकडे मागावे लागायचे.

"हे सगळं फॉरेनचं फॅड आहे" असं एखादे नाना म्हणणारच. त्यांना विटनेरचं सांगा, ते आपल्या जळगाव जिल्ह्यातलंच. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं १९८६ ला चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन झालं, पुढे त्यातून लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला, म्हणजे शेतकऱ्यांनी स्वतःहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा, आणि १९९० च्या सुमारास विटनेरच्या शेतकऱ्यांनी ते करून दाखवलं. संघटनेचा बिल्ला लावणारे, कांद्याला आणि कापसाला भाव मागणारे लोक होते हे, इंग्रजी बोलणारे नाही. बऱ्याच नानांनी तेव्हा स्वतः तो बिल्ला छातीला लावलेला असतो, त्यामुळे विषय एकदम वेगळीकडे जातो, आठवणी निघतात, आणि तुम्हाला ऐकायला मिळतं ते वेगळंच. त्याच्याही मागे जायचं तर शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंनी १८८२ लाच पुरुषांना छापील शब्दांत झाडलेलं आहे, पण नानांना विटनेर पुरतं.

थांबायचं कुठे ते आधी ठरवून ठेवा. आईबहिणीवरून शिवी आली, किंवा कोणाच्या चारित्र्यावर गेलं, की उठायचं, उत्तर द्यायचं नाही, आणि उठताना दार आपटल्यासारखं पण करायचं नाही. आणि मोठ्या माणसांना एक विनंती, "चला, बास आता, जेवा" हे तुम्ही नेहमी बाई बोलायला लागली कीच का म्हणता? पोरगा अर्धा तास बोलला तेव्हा भूक नव्हती का कोणाला.

हे सगळं हिवाळ्यातलं. पण खरा वाद आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला होतो. लेकी माहेरी आलेल्या असतात, झोका बांधलेला असतो, पुरुष पत्त्यांत असतात, आणि सगळ्या बहिणी एकत्र सापडल्यात म्हणून भाऊ हळूच हक्कसोडपत्राचा कागद काढतो. इथे फेमिनिझम, पॅट्रिआर्की काहीच कोणी म्हणत नाही, गोड बोलणं चालतं, "ताई, नुसती सही तर हाय." महाराष्ट्रात १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क आहे, केंद्राचा कायदा २००५ चा, आणि बाप तेव्हा हयात नसला तरी हक्क जात नाही हे २०२० ला सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा केसमध्ये स्पष्ट केलंय. हे भावाला सुनवायचं नाही, आपल्याला माहीत असलं म्हणजे झालं. सोडायचा असेल तर सोडा, खूप जणी सोडतात, भाऊ राबतो वावरात आणि आईला बघतो, हे पण खरं कारण आहे आणि त्याला कोणी हसू नये. सोडायचा नसेल किंवा थोडा ठेवायचा असेल तर "माझा हक्क" म्हणून सुरुवात करू नका, "दादा, आईच्या नावावर किती राहील?" इथून सुरुवात करा, यावर कोणताच भाऊ चिडू शकत नाही.

आणि सोडा किंवा ठेवा, सही त्या दिवशी करायची नाही. सणाच्या गर्दीत, दाजी बाहेर गाडी चालू करून उभे असताना तर अजिबात नाही. कागदाचा फोटो काढून घ्या, गट नंबर सातबाऱ्याशी ताडून बघा, कारण एका गटाचं बोलणं होतं आणि कागदात तीन गट निघतात असं होतं. नंतर दोन-चार दिवसांनी स्वतः भावाला फोन करा, त्याच्या फोनची वाट बघत बसू नका. सही करायची ठरली तर दुय्यम निबंधकाकडे जायची तारीख तुम्ही सांगा, आखाजी होऊन पंधरा-वीस दिवसांनंतरची.